पत्र्यावरचा मोर आणि अशोकाचं स्वयंपाकघर

सुरुवातीला जो आवाज ऐकलात, ती एडिटिंगची चूक नाही. हेडफोन लावून ऐकत असाल तर आधीच सॉरी. (ट्रान्सक्रिप्ट वाचणाऱ्यांसाठी: मांजराच्या शेपटीवर कुणी पाय दिला तर ते जसं किंचाळेल, त्याच्या दसपट मोठं.) तो मोर आहे. आमच्या गावच्या घराच्या पत्र्यावर, पहाटे 5 वाजून 40 मिनिटांनी, बरोबर माझ्या डोक्याच्या वर.

झालं असं, की मे महिन्याच्या शेवटी मी पुण्यात जिन्यावरून घसरले आणि घोट्याचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. आमची खोली चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मग लॅपटॉप, माइक आणि कुबड्या घेऊन मी शिरूर तालुक्यातल्या आमच्या गावी, आजीकडे. खिडकीजवळ खाट टाकून दिली. खिडकीतून काय दिसतं? अंगण, गोठा, एक म्हातारी चिंच, तिच्या पलीकडे नानांचं भुईमुगाचं रान. नाना म्हणजे माझे चुलते. आणि त्या चिंचेवर रोज संध्याकाळी मुक्कामाला येणारे मोर.

खरं सांगते, मी काही पक्षीनिरीक्षक वगैरे नाही. साळुंकी आणि बुलबुल यांत माझा गोंधळ होतो. पण सहा आठवडे एकाच खिडकीत बसायचं म्हटल्यावर माणूस काय करणार? मी वहीत लिहायला लागले. किती वाजता उतरले, किती मोर, किती लांडोरी, कुठल्या बाजूला गेले. तिसऱ्या दिवशी मला कळलं की पिसाऱ्याचा एक मोर थोडा लंगडतो. मोडक्या घोट्याच्या बाईला यापेक्षा जवळचा मित्र कुठे मिळणार! नाव ठेवलं नाही त्याचं, पण चिंचेवरून तो उतरला की मला उगाच बरं वाटायचं. मोर उतरतो म्हणजे तसा पडतोच. एवढा मोठा पक्षी, मागे दीड मीटरचा पिसारा, धप्पकन अंगणात येतो आणि मग काही झालंच नाही अशा थाटात मान वर करून चालू लागतो.

आता हा इतिहासाचा पॉडकास्ट आहे, त्यामुळे पडल्या पडल्या मला प्रश्न पडलाच. घरात बसून मोर बघणं, ही गोष्ट किती जुनी असेल?

खूप जुनी, मंडळी. आणि एक किस्सा तर आपल्याकडचा नाहीच, अथेन्सचा आहे.

इसवी सनपूर्व पाचवं शतक. अथेन्समध्ये पिरिलांपीस नावाचा एक श्रीमंत, वजनदार माणूस होता. पुढे तो तत्त्वज्ञ प्लेटोचा सावत्र बाप झाला. या माणसाकडे मोर होते. ग्रीसमध्ये मोर ही तेव्हा जवळजवळ न पाहिलेली चीज. मोर मूळचा आपल्या उपखंडाचा, तो इराणमार्गे तिकडे पोचलेला. तर या पिरिलांपीसच्या घरी लोक मोर बघायला यायचे. कुठून? पार स्पार्टाहून, थेसलीहून. आणि नियम काय, तर महिन्याच्या पहिल्या तारखेलाच आत सोडणार. इतर दिवशी आलात तर परत जा. हे 30 वर्षांहून जास्त काळ चाललं. आपल्याला हे कळतं कारण पुढे या मोरांवरून कोर्टकचेरी झाली आणि अँटिफॉन नावाच्या वक्त्याच्या भाषणाचे काही तुकडे नंतरच्या लेखकांनी जपून ठेवले.

त्या तुकड्यांत एक मुद्दा असा आहे, की मोर शहरात मोकळे सोडले तर ते उडून जातील, आणि पंख कापले तर त्यांचं सौंदर्यच जाईल, कारण सौंदर्य पिसांतच आहे. मला हे वाचून हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं. केवढी ही पंचाईत! एवढं तिकीट लावून, तारीख ठरवून जे बघायचे, ते आमच्या गोठ्यावर फुकट येऊन हगून जातं.

आजीला मी हा किस्सा सांगितला. ती म्हणाली, "आगं, त्यांच्याकडं चिंच नसंल."

माझ्या मते अख्ख्या एपिसोडमधलं सगळ्यात शहाणं वाक्य हेच आहे. आमच्याच तालुक्यात मोराची चिंचोली आहे, तुमच्यापैकी बरेच जण तिथे हुरडा खायला गेले असतील. तिथे गावकरी सांगतात की पेशवाईत चिंचेची झाडं लावली आणि मोर आले. सांगण्यातली गोष्ट आहे, मी काही त्याचा कागद पाहिलेला नाही. पण मोराला रात्री झोपायला उंच झाड लागतं, दिवसा चरायला मोकळं रान लागतं, आणि जवळपास पाणी लागतं. म्हणजे जे शेतकऱ्याला लागतं, तेच. त्यामुळे घनदाट जंगलापेक्षा तो आपल्या बांधावर जास्त सुखात असतो.

आपल्याकडे मोर घरात कधीपासून आहे हे सांगणं अवघड, पण माणसाच्या मनात तो फार आधीपासून आहे. हडप्पाला 'सिमेटरी एच' नावाचं दफनस्थळ सापडलं, तिथल्या मोठ्या रांजणांवर मोर रंगवलेले आहेत. सिंधू शहरांचा उतरता काळ, हाडं ठेवायची भांडी, आणि त्यांवर मोर. काही मोरांच्या पोटात तर छोटी माणसं काढलेली आहेत. मेलेल्या माणसाला मोर पलीकडे घेऊन जातो, असं काहीसं असावं असा अभ्यासकांचा तर्क आहे. रात्री चिंचेकडे बघताना हे आठवलं की अंगावर काटा यायचा.

घरातला मोर मात्र मला कालिदासाकडे सापडला. मेघदूतातला यक्ष रामगिरीवर, म्हणजे बहुतेकांच्या मते आपल्या नागपूरजवळच्या रामटेकवर, शिक्षा भोगत बसलाय आणि ढगाला आपल्या घराचा पत्ता सांगतोय. आपण जसं सांगतो ना, 'मेडिकलच्या समोर, निळं गेट', तसं. त्यात तो एक खूण सांगतो. अंगणात दोन झाडं, त्यांच्या मधोमध मोराला बसायला सोन्याचा दांडा, आणि संध्याकाळी त्यावर येऊन बसणारा मोर. त्याची बायको टाळ्या वाजवून त्या मोराला नाचवते, तेव्हा तिच्या हातातली कंकणं वाजतात. घरापासून लांब अडकलेल्या माणसाला घर आठवतं तेव्हा त्यात मोर आहे. सोन्याचा दांडा सोडा, पण बाकी सगळं मी खिडकीतून बघतच होते.

कौटिल्याचं अर्थशास्त्र याबाबतीत एकदम रोखठोक. राजवाड्यात मोर ठेवा, का? तर तो साप खातो. मांजर, मुंगूस आणि मोर, इथपर्यंत ठीक. त्याच यादीत ठिपक्यांचं हरीणसुद्धा आहे! हरीण साप खातं हे कौटिल्याला कुणी सांगितलं देव जाणे. याच ग्रंथात पुढे कत्तलखान्याच्या अधिकाऱ्याचे नियम आहेत, आणि तिथे ज्यांना मारायचं नाही अशा शुभ पक्ष्यांमध्ये हंस, चकोर, कोकिळ, पोपट यांच्याबरोबर मोराचंही नाव आहे.

हे वाचून मी खूश झाले होते. बघा, दोन हजार वर्षांपूर्वीच कायदा! आणि नेमकं त्याच संध्याकाळी आमच्या घरात वेगळंच सुरू झालं.

जूनचा तिसरा आठवडा. पाऊस झाला होता, भुईमूग उगवून वर आला होता. कोवळा अंकुर आणि त्याखाली अजून चिकटलेला दाणा. मोराच्या दृष्टीने ही मांडलेली पंगत. सकाळी माझ्या वहीत मी 'नऊ, पूर्वेकडे, सगळे मजेत' असं लिहीत होते ना, ते मजेत नानांच्या रानात होते. नऊ मोर-लांडोरी सरीच्या सरी उकरत होत्या. नाना आले, पायरीवर बसले, चप्पल काढली आणि म्हणाले, "दोन वाफं गेलं. परत टोकायचं तर बियाणं कुठलं आणायचं?" त्यांच्या हातात एक पिशवी होती. कुणीतरी त्यांना औषध चोळलेला मका दिला होता. बांधाला टाकायचा. सकाळपर्यंत काम होतं.

मी वही मिटली. खरं सांगू, मला लाजच वाटली. मी ज्याला आनंद म्हणत होते, त्याचं बिल नाना भरत होते.

मग मला अशोक आठवला. शाळेत आपण शिकतो की कलिंगनंतर त्याने हिंसा सोडली. पण त्याचा पहिला मोठा शिलालेख वाचा, तो फार प्रामाणिक आहे. तो म्हणतो की पूर्वी माझ्या स्वयंपाकघरात रोज लाखो प्राणी मारले जायचे. आता हा लेख लिहिताना फक्त तीन मारले जातात. दोन मोर आणि एक हरीण. हरीणसुद्धा रोज नाही. आणि पुढे हे तिन्ही मारले जाणार नाहीत.

दोन मोर! मंडळी, सम्राटाने सगळं सोडलं, पण मोर ताटातून शेवटी गेला. एका बाजूला शुभ पक्षी म्हणून संरक्षण देणारा ग्रंथ, दुसऱ्या बाजूला राजाच्या घरी रोज दोन मोर शिजतायत. (अर्थशास्त्राचा नेमका काळ कोणता यावर वाद आहे, त्यामुळे दोन्ही एकाच वर्षातले असं समजू नका.) आणखी गंमत म्हणजे, नंतरच्या एका स्तंभलेखात अशोकाने न मारायच्या प्राण्यांची लांबलचक यादी दिली आहे. पोपट आहे, साळुंकी आहे, वटवाघूळसुद्धा आहे. मोर नाही. का नाही, यावर तुम्हीच डोकं लढवा.

अजून एक. गुजरातमधल्या गिरनारच्या खडकावर हा पहिला लेख आहे, तिथे प्राकृतात शब्द आहे 'मोरा'. मोरा! संस्कृतातला मयूर नाही. उत्तरेकडच्या काही लेखांत वेगळं रूप आहे, पण आपल्या बाजूला, पश्चिमेला, साधारण 2250 वर्षांपूर्वी खडकावर कोरलेला शब्द आणि आजी सकाळी "मोर आलं बघ" म्हणते तो शब्द, जवळपास एकच. आपल्या महाराष्ट्रात सोपाऱ्याला अशोकाच्या आठव्या आणि नवव्या लेखाचे तुकडे मिळाले. पहिला मिळालेला नाही. मिळाला असता तर त्यात मोराचा शब्द कुठला असता, हे बघायला मला फार आवडलं असतं.

आणि हा अशोक कोण? मौर्य. जैन परंपरा सांगते की चंद्रगुप्ताची आई मोर पाळणाऱ्यांच्या गावातल्या प्रमुखाची मुलगी. आपल्या कोकणात पुढे सातव्या शतकापर्यंत मौर्य म्हणवणारे राजे होते, पुलकेशीच्या ऐहोळे शिलालेखात त्यांचा उल्लेख आहे. आपल्याकडचं 'मोरे' आडनाव त्यांच्यापासून आलं असं अनेक जण मानतात. आमच्या बॅचमध्ये तीन मोरे होते, एकालाही साप खाता येत नव्हता, असो.

मराठी माणसाच्या नावातही मोर बसलेला आहे. मोरगावचा मोरेश्वर, त्यावरून मोरो, मोरोपंत. बारामतीचे कवी मोरोपंत तर स्वतःला मयूरच म्हणवून घेत आणि त्यांच्या एका काव्याचं नाव 'केकावली'. केका म्हणजे मोराची हाक. म्हणजे एपिसोडच्या सुरुवातीला जे ऐकून तुम्ही हेडफोन काढले, तीच. पैठणीच्या पदरावर मोर, वासुदेवाच्या टोपीत मोर. दिल्लीचं मयूरासन, शाहजहान त्यावर 1635 मध्ये बसला आणि 1739 मध्ये नादिरशाहने ते उचलून नेलं, ती गोष्ट तुम्हाला माहीत आहे, तिच्यात मी जास्त शिरत नाही. त्यात खरा मोर एकही नव्हता.

पुढचं मात्र थेट आमच्या पायरीपर्यंत येतं. 1963 मध्ये मोर राष्ट्रीय पक्षी झाला. सलीम अलींचं मत वेगळं होतं. त्यांना माळढोक हवा होता, कारण त्याला खरी गरज होती. मोराला लोक तसेही जपत होते. मग 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि मोर पहिल्या अनुसूचीत गेला. आज मोर मारला तर तीन ते सात वर्षं कैद होऊ शकते. पडलेली पिसं गोळा करायला मात्र आपल्याकडे मुभा आहे.

आता सलीम अलींचं म्हणणं आठवून बघा. आज माळढोक देशात दीडशेसुद्धा उरले असतील की नाही अशी अवस्था आहे. सोलापूरजवळ नान्नजला त्याच्यासाठी अभयारण्य आहे, आणि तिथे तो दिसला तर बातमी होते. आणि मोर? 2020 च्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवालात तो वाढणाऱ्या पक्ष्यांमध्ये आहे. केरळात जिथे पूर्वी तो फारसा नव्हता, तिथेही पसरतोय. लॉकडाऊनमध्ये मुंबईत रस्त्यावर फिरणाऱ्या मोरांचे व्हिडिओ आपण सगळ्यांनी फॉरवर्ड केले. पण 2016 मध्ये गोव्यात मोराला उपद्रवी ठरवायचा का, अशी चर्चा सरकारी पातळीवर झाली होती, ते फार कुणी फॉरवर्ड केलं नाही. गोंधळ झाला, प्रकरण थंडावलं. तेव्हा मी कॉलेजात होते आणि 'गोव्याच्या सरकारला वेड लागलंय का' असं स्टेटसही ठेवलं होतं. ते आता आठवलं. ज्याच्या वाफ्यात नऊ जण उतरतात, त्याला ते वेड वाटत नाही.

मी नानांना कायदा सांगायला गेले. चूक केली. "कायदा मला शिकवू नको, बी-बियाणं दे," ते म्हणाले. बरोबरच होतं. मग मी अशोक सांगितला. तो राजा होता, त्याच्याकडे भुईमूग कुणी दुसरा पिकवायचा, असं उत्तर आलं. हेही बरोबर.

आजी इतका वेळ गवारीच्या शेंगा मोडत होती. तिने देवाचं वाहन, पाप वगैरे काहीही काढलं नाही. नुसतं म्हणाली, "तुझा बाप माचीवर बसून गोफण फिरवायचा. पाखरू मरायचं न्हाय, पण थांबायचं बी न्हाय." मग माझ्याकडे बघून, "हिला काय काम हाय दिसभर? हिलाच बसव राखणीला."

आणि मंडळी, अशी मला नोकरी लागली.

माझी वही तयारच होती. चिंचेवरून ते साधारण 5:50 ते 6:10 च्या दरम्यान उतरतात. आधी गोठ्यामागे उकिरड्यावर किडे टिपतात, वीसेक मिनिटं. मग पूर्वेकडे सरकतात. मोर बांधापाशी आले की मी नानांना मिस कॉल द्यायचा. नाना किंवा चुलतभाऊ रानातच असायचे, पत्र्याचा डबा बडवायचे. नानांनी माळ्यावरून जुन्या कॅसेट काढल्या, त्यांतल्या टेप रानाभोवती ताणल्या. वाऱ्यावर त्या चकाकतात आणि गुणगुणतात. पहिले चार दिवस मोर घाबरले, पाचव्या दिवशी लंगडा टेपखालून वाकून आत गेला. मग माझा मिस कॉल, डब्याचा आवाज, आणि तो परत बाहेर. हे असं पिकाला फुलं येईपर्यंत चाललं. औषधाची पिशवी नानांनी कुठे टाकली मी विचारलं नाही. पाच दिवस मी रोज सकाळी आधी मोर मोजायचे, मग चहा घ्यायचे.

याच दिवसांत मी पहिल्यांदा नाच बघितला. पावसाची भुरभुर, गोठ्याच्या पुढे मोकळी जागा, आणि त्याने पिसारा उभा केला. ती शेपूट नसते बरं का, पाठीवरची लांब पिसं असतात. खरी शेपूट मागे आधाराला, आखूड. तो पिसारा थरथरवतो तेव्हा कोरड्या पानांसारखा आवाज येतो, खिडकीपर्यंत ऐकू आला. आणि लांडोर? ती शांतपणे दाणे टिपत होती. एकदाही वर बघितलं नाही. 1860 मध्ये डार्विनने एका पत्रात लिहिलं होतं की मोराचं पीस बघितलं की त्याला कसंतरीच होतं, कारण असलं बोजड ओझं टिकलं कसं हे त्याच्या सिद्धांतात बसेना. पुढे 1871 मध्ये त्याने उत्तर मांडलं: लांडोर निवड करते म्हणून. आमची लांडोर बघून मला वाटलं, तिने हे पुस्तक वाचलेलं नसावं.

दुसऱ्या एका रात्री चिंचेवरून सगळे एकदम ओरडायला लागले. अंधारात, थांबेचनात. नानांनी बॅटरी घेतली, आधी शेळ्या आत घेतल्या. आमच्याकडे उसात बिबट्या असतो. सकाळी गोठ्यामागे ठसे होते. नाना काही बोलले नाहीत. त्या दिवशी डबा जरा हळू वाजला, असं मला वाटलं. माझा भास असेल.

जुलैच्या मध्यात प्लास्टर निघालं आणि मी पुण्याला परत आले. वहीत शेवटची नोंद आहे: '5:55, आठ, एक लांडोर दिसली नाही.' आजीने फोनवर सांगितलं की ती घाणेरीच्या जाळीत अंड्यांवर बसली होती.

भाद्रपदात गणपतीला गेले तेव्हा भुईमूग काढणीला आला होता. दोन वाफे विरळ होते, बाकीचं रान भरलेलं. मोरांचे पिसारे तोवर झडलेले, चिंचेवर सगळे एकसारखे, लांब मानेच्या कोंबड्यांसारखे दिसत होते. लंगडा कोणता हे चालल्याशिवाय ओळखू येईना. नानांनी गाडीच्या हँडलला एक जुडगा बांधून आणला आणि देवघराशी ठेवला. मी मोजली, सतरा पिसं होती. "बांधावर पडलेली," ते म्हणाले. "भाडं दिलं त्यांनी."